बारा बाय तेरा

हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीनं भंगारात काढलेला बोर्ड
वजनावर मिळाला, जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजके पाने आणि पातं नसलेला एक टेबलफॅन
यांच्या मधोमध.
दोन प्रोसेसरांची जागा, रॅमच्या सोळा खाचा,
रुंदीला बारा, लांबीला तेरा इंच.
विकणारा म्हणाला, ताई, भिंतीला लावा, शोभेल.

डबा घेतला तापकीर गल्लीतून, साडेआठशेचा.
दत्तवाडीच्या आमच्या खोलीत
शिलाई मशीन आणि कपाट यांच्या मधे
तेवढाच मावतो.
बोर्ड आत घालायला गेले
आणि तो अडला,
जिन्यात पलंग अडतो तसा:
तिरका करून पाहा, उभा करून पाहा, परत तिरका,
आणि शेवटी आपणच टेकावं पायरीवर.

आईनं चष्म्यावरून बघितलं.
"माया ठेवली नव्हती का?"

तिच्या धंद्यात माया म्हणजे
शिवणीच्या आत दुमडलेलं पाऊण इंच कापड,
बाई पुढच्या वर्षी अंगानं भरेल,
तेव्हा उसवून सोडायला.
पत्र्याला माया नसते, आई.
"मग कापणाऱ्याला नसेल,"
आणि दातानं दोरा तोडला.

आधी कागदावर बेत, हेही तिचंच.
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानावर बोर्ड ठेवला,
पेन्सिलीनं भोकं उतरवली. दहा.
एक पडलं चतुर्थीवर,
एक सतरा तारखेवर, जिथं तिच्या अक्षरात: गॅस लावला.
डब्यातल्या खुंट्यांशी जुळली सहा.
चार नवी पाडायची,
आणि जुन्या तीन खुंट्या आठवणीनं काढायच्या,
कारण नको तिथं राहिलेली एखादी पितळी खुंटी
पाठीला नुसती टेकली
तरी सगळं संपतं, धूरसुद्धा न होता.
मी अशी माणसं पाहिली आहेत.

नाना पेठेत नझीर आतार
पोचे आलेल्या स्कूटरी सरळ करतात.
हार्डडिस्कचा पिंजरा त्यांनी ग्राइंडरनं उडवला,
म्हणाले, बुलेटचं इंजिन लुनात घालताय, मॅडम.
साठ रुपये.
कडेवरून बोट फिरवलं, थांबले,
परत घासली. याचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी मुली आल्या.
स्विचची वायर पोचेना,
म्हणून दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं
आणि पंखे असे किंचाळले
की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, मिक्सर का एवढा?
मग शिट्ट्या.
तस्लीम बोटांवर मोजत होती: एक लांब, दोन आखूड.
"रॅम बसली नाहीये, मॅडम."
काढली. तिच्याच कंपासपेटीतल्या खोडरबरनं घासली.
परत दाबली, दोन्ही अंगठ्यांनी.
एक आखूड.
कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत,
सगळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

आता एका डब्याच्या पोटात सहा यंत्रं चालतात,
सहा जणींची, प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा.
माऊस तीनच आहेत. त्यावरून भांडणं होतात.

झाकण मात्र बसत नाही,
कूलर दोन बोटं वर येतो.
आईनं टेप काढली, डब्याची कूस मोजली,
गिऱ्हाइकाची मोजते तशीच,
आकडा पुटपुटत, कानामागे खडू,
आणि जुन्या मच्छरदाणीच्या जाळीचं झाकण शिवलं,
कडेला इलॅस्टिक.
उलटं करून पाहिलं तर
चारी बाजूंनी इंचभर जाळी आत दुमडलेली.

एवढी कशाला?

मशीनवरून मान वर न करता म्हणाली,
"तू परत बुधवारी जाणार. मला माहीत नाही का?"